भाषांतर सुयशने करावे

मी, पुष्कर मोहन सबनीस, वय चोपन्न, राहणार कॉव्हेंट्री, पूर्वी मोटार रेसिंग हा धंदा आणि आता डायलिसिस, डोके ठिकाणावर असताना व कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहीत आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी धाकटा भाऊ सुयश याला माफ केल्याचे आईच्या आग्रहाखातर लिहिले होते. तेही रद्द.

माझ्या सॉलिसिटर अर्चना देवस्थळी यांना मी व्यवस्थापक नेमतो. सगळे इंग्रजीत करा, असे त्या परोपरीने सांगत होत्या. मराठीच का, हे पुढे कळेल.

१. माझे राहते घर पुतणी अक्षरा हिला द्यावे. ती सुयशची मुलगी. इथे युनिव्हर्सिटीत आली तेव्हापासून दर शनिवारी माझ्याकडे जेवायला येते. पहिल्याच दिवशी तिने मोडक्यातोडक्या मराठीत विचारले, "काका, तुमचा हात कशी तुटली?" मी म्हणालो, भिंतीवर आपटून. ते खोटे नव्हते. बापाचा राग मुलीवर काढण्याइतका मी खाली उतरलेलो नाही. बॉयलर मात्र तिने लगेच बदलून घ्यावा.

२. गॅरेजमधली सगळी हत्यारे संजय वैशंपायन या मित्राला. त्यातला मोठा पाना 'उद्या देतो' म्हणून त्याने कधीच नेलेला आहे. तो त्याने आता उजळ माथ्याने वापरावा.

३. बँकेतली शिल्लक डायलिसिस वॉर्डला. आपल्या इथल्या मराठी मंडळाला काहीही नाही. गणपतीत मंडळाने सुयशला अमेरिकेत नाव काढलेला आपला माणूस म्हणून बोलावून शाल दिली, आणि मला पिवळे जाकीट घालून पार्किंगवर उभे केले. ताशी पावणेदोनशे मैलांनी गाडी हाकलेला माणूस लोकांच्या गाड्या रिव्हर्स करून देत होता. मला त्याचे काही वाटले नाही असे लिहिणार होतो, पण मृत्युपत्रात खोटे लिहू नये.

४. बाबा इथल्या मोटारीच्या कारखान्यात होते. त्यांचे बोट धरून मी रेस पाहिल्या, मग इथल्याच लहान ट्रॅकवर गाडी चालवली आणि पुढे अमेरिकेत स्टॉक कार रेसिंगमध्ये गेलो. सुयशला मीच बरोबर नेले. त्या गाडीत ड्रायव्हरला इतके आवळून बांधतात की मान वळत नाही. शेजारी कोण आहे हे स्टँडच्या छतावर उभा असलेला स्पॉटर रेडिओवरून सांगतो. माझा स्पॉटर सुयश. रेडिओ सगळ्यांना उघडा असतो, दुसऱ्या टीम कान लावून बसतात, म्हणून आम्ही मराठीत बोलायचो. 'वर आहे', 'चिकटलाय', 'मोकळं'. वर म्हणजे बाहेरच्या भिंतीकडे, खाली म्हणजे ट्रॅकच्या आतल्या कडेला. ऐकणारे डोके धरून बसत. माझे सगळ्यात सुखाचे दिवस ते. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझा त्याच्या आवाजावर जास्त विश्वास होता.

शेवटच्या रेसमध्ये वळणावर त्याने सांगितले, "खाली मोकळं आहे, ये." मी गेलो. तिथे निळी गाडी होती. तिला धडकून मी भिंतीवर गेलो आणि डावा हात कायमचा गेला. सुयशने त्या दिवशी दुसऱ्या कानाला त्या निळ्या गाडीचा रेडिओ लावला होता, हे मागाहून कळले. मला न सांगता त्याने त्यांचेही काम धरले होते, आणि एकच फट दोघांनाही दिली होती. इथपर्यंत मी समजून घेतले. माणूस हावरट असतो, चुकतो.

पण चौकशी झाली. रेडिओची टेप लावली गेली. मी ऑपरेशन टेबलावर होतो, आणि तिथे मराठी जाणणारा एकटा सुयश. या शब्दांचा अर्थ काय, असे त्यांनी त्यालाच विचारले. त्याने अर्थ लिहून सही केली: 'वरच राहा, खाली गाडी आहे.' म्हणजे मी ऐकले नाही, दोष माझा. माझे लायसन्स गेले. पुढच्या मोसमात सुयश निळे जाकीट घालून त्याच छतावर उभा होता.

एका मेकॅनिकने टेपची प्रत मला आणून दिली. ती मी इथल्या किचनमध्ये आईला ऐकवली. ती म्हणाली, "त्याचं आत्ता कुठे बस्तान बसतंय. तुझा हात काही परत येणार नाही. गप्प राहा." तिच्यासाठी गप्प राहिलो. आई गेल्या वर्षी गेली. आता मला माझे नाव परत हवे आहे.

५. टेप अक्षराला. तिने ती अजून ऐकलेली नाही. माझा हेडफोन सुयशला. एकच आहे, दुसरा त्याच्याकडे असेलच.

६. इथल्या कोर्टासाठी मृत्युपत्राला इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. ते सुयशने करावे व खाली सही करावी. त्याचे भाषांतर कोर्टाला चालले नाही तर देवस्थळीबाई दुसरे करून घेतील. मला मात्र त्याचेच हवे आहे. त्यातले चौथे कलम त्यांनी अमेरिकेतल्या त्या चौकशीवाल्यांना धाडावे.

साक्षीदारांना कायद्याने काही देता येत नाही, म्हणून शशीकाकांनी मनाला लावून घेऊ नये.

७. सुयशचे भाषांतर अक्षराने मुळाशी ताडून पाहावे. अमेरिकेहून परतल्यावर लंडनमधल्या इल्फर्डच्या घरात त्याने मराठी ठेवली नाही, म्हणून तिला ती वाचता येत नाही अशी त्याची समजूत आहे. दर शनिवारी जेवण झाले की मी तिला शिकवत आलो आहे.

सुयश, या वेळी खोलीत मराठी जाणणारा तू एकटा नाहीस.

सही: पुष्कर मोहन सबनीस (उजव्या हाताने)

आम्हा दोघांच्या देखत सही झाली:
१. शशिकांत राजाध्यक्ष, शेजारी
२. सुमन राजाध्यक्ष, शेजारी

कॉव्हेंट्री, १४ मार्च २०२५