फॉल लावायला ठेवलेली चंद्रकळा

बिबवेवाडी, पुणे
६ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप विमलवन्सं यांना द्वारकाचा वाकून नमस्कार. (गुडघा धरलाय, म्हणून मनातल्या मनात वाकलेय. तो धरून घ्या.) तुमची साखर, तुमच्या कानाचा दडा आणि भावजींचा खोकला यांतलं काय काय बरं झालं ते कळवा. इकडे तुमचे बंधू ठणठणीत आहेत. जेवतात, झोपतात आणि मधल्या वेळात मला उपदेश करतात. माझी शाळा चौथीत सुटली, आणि तुम्ही पडलात मास्तरीण. मागचं पत्र तुम्ही लाल पेनाने तपासून परत पाठवलंत. ह्या वेळी ऱ्हस्व-दीर्घ जिथल्या तिथे राहू द्या आणि मजकूर वाचा.

तुमचे फोन पोचले. चारही. चंद्रकळा कधी परत देतेस, हेच ना? अवनीची पहिली संक्रांत, सुनेला काळी चंद्रकळाच नेसवायची, आणि तीही सासूबाईंनी तुमच्या पहिल्या संक्रांतीला घेतलेलीच, हे मला पाठ झालंय. गेल्या जानेवारीत तनयाला नेसायला म्हणून मी ती साताऱ्याहून आणली (ब्लाऊजपीस तेवढा तुम्ही मागे ठेवून घेतलात, विसरले नाहीये मी), आणि फॉल उसवलाय, नवा लावून देते, असं दहा महिने सांगतेय. साडीचं सांगतेच. पण त्याआधी जे झालं ते सांगितल्याशिवाय साडीचं कळणार नाही. फोनवर तुम्ही मला पहिल्या वाक्यापुढे जाऊ देत नाही, म्हणून हा कागद.

तर आमची तनया कोरेगाव पार्कात एका सलोनी मॅडमकडे कामाला लागली, हे तुम्हाला माहीत आहे. दुकानाला पाटी नाही, वस्तूंना किंमतीची चिठ्ठी नाही, आणि आत गेलं की एसीची थंडी अशी की स्वेटर घ्यायचं दुकान असावं वाटतं. तनया तिथे सहा महिने कच्ची आहे. ऑक्टोबरअखेरचं प्रदर्शन नीट पार पडलं तर पक्की करणार, नाहीतर नमस्कार. मी ब्लाऊजची लटकनं आणि मोतीकाम करते हे तिने तिकडे सांगितलं, आणि मॅडमनी बारा पर्स माझ्या घरी पाठवल्या. सायीच्या रंगाचं रेशीम, सोन्याची कडी, आणि आकार एवढासा की आत फोन मावत नाही, किल्ली मावत नाही, फार तर दोन वेलदोडे मावतील. मी विचारलं, ह्यात ठेवायचं काय? मॅडम म्हणाल्या, मावशी, ह्यात काही ठेवायचं नसतं.

त्यावर भरायचं काय, तर कोळी, कोळिष्टकं, वटवाघळं आणि कवट्या. कारण हॅलोविन. म्हणजे गोऱ्या लोकांची सर्वपित्री, असं मी समजले. आपण पानावर वाढून कावळ्याची वाट बघतो, ते भोपळा कोरून त्यात दिवा ठेवतात आणि स्वतःच भूत होऊन दारोदार खाऊ मागतात. (लाल भोपळ्याचे घारगे करायचे सोडून त्याला दात काढायचे, हे मला पटलेलं नाही. पण विचारतंय कोण.) मॅडमनी मला नीट समजावलं, "मावशी, बघून भीती वाटली पाहिजे. पण महाग भीती." मी म्हटलं, तुमची किंमत सांगा, आपोआप वाटेल. तनयाने मला चिमटा काढला.

पहिला कोळी मी सहा पायांचा केला. उभा जन्म झाडूने कोळी काढले, पाय कोण मोजतं? मॅडम म्हणाल्या, हा मुंगळा आहे. उसवला, आठ पाय केले. पण कवट्या भरायला बसले आणि माझा हात थांबला. ऐन दिवाळीत, पणत्या लागलेल्या, आणि मी मांडीवर कवट्या घेऊन बसलेय. तुमचे बंधू चकली खाता खाता म्हणाले, "घराचं वैकुंठ स्मशान केलंस." वर चकली कडक झाल्याचंही सांगितलं. त्यांचं सोडा, पण उद्या ह्या पर्स कुणा पोरीबाळींच्या हातात जाणार, त्यांना काही झालं तर बोल तनयावर. म्हणून मी मंडईमागच्या काष्ठौषधीच्या दुकानातून डझनभर बिब्बे आणले आणि एकेका पर्सच्या अस्तराआड एकेक शिवून टाकला. दृष्ट लागू नये, बाधा होऊ नये. कुणाला सांगितलं नाही. सांगून उतारा करायचा नसतो.

इथपर्यंत छान होतं. मग मी इस्त्री फिरवली.

वन्सं, बिब्ब्याचं तेल तापलं की काय करतं ते तुम्हाला सांगायला नको. पूर्वी धोबी त्यानेच कपड्यांवर खुणा करायचे, कपडा फाटायचा पण खूण जायची नाही. बाराच्या बारा पर्सना पोटावर रुपयाएवढा काळा डाग. माझ्या बोटांना फोड आले ते वेगळंच (खोबरेल लावलंय, आता बरं आहे, तुम्ही विचारलं नाहीत तरी). तनया दुपारी आली, बघितलं, आणि मटकन खालीच बसली. म्हणाली, "आई, लोक नुसतं म्हणतात बिब्बा घातला म्हणून. तू खरंच घातलास!" आणि रडायला लागली. प्रदर्शन दुसऱ्या दिवशी. आता पक्की होणं राहिलं बाजूला, पर्सचे पैसेच भरून द्यायची वेळ.

मला रडणं सहन होत नाही, दुसऱ्याचं तर नाहीच. डाग जात नसेल तर झाकायचा. काळ्याला काळंच झाकतं. कोपऱ्यावरच्या दुकानातून काळं साटीन आणलं, तर ते लावल्यावर पर्स छत्रीसारखी दिसायला लागली. मग घरात जे काळं रेशीम होतं ते घेतलं. (कुठलं ते खाली सांगते, मधेच उड्या मारू नका.) बिब्बे काढून टाकले, रेशीम सगळ्या अंगावरून ताणून बसवलं, आणि कोळी परत भरले. आठ पाय, मोजून.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात प्रदर्शन. सलोनी मॅडमनी पर्स हातात घेतली, उलटीसुलटी केली. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी ती नाकाशी नेली. एक बाई आली, तिनेही हुंगली. मग सगळ्या हुंगायला लागल्या, जणू काही खरबुजं घ्यायला आल्यात. मॅडम सांगत होत्या, हा शंभर वर्षं बंद राहिलेल्या महालाचा वास आहे. मला माहीत होतं, तो कपड्यांत ठेवायच्या वेखंडाचा वास आहे. बाराही पर्स संध्याकाळच्या आत गेल्या, आणि तनया पक्की झाली. तशी चिठ्ठी मिळाली, देवापुढे ठेवलीय.

तुमचा आमोद अवनीला घेऊन वारज्याहून मुद्दाम आला होता, मामीचं काम बघायला. पोर गोड आहे, तुम्ही म्हणता तेवढी बोलघेवडी नाही. तिने एक पर्स घेतली. किंमत सांगत नाही, तुमचं ब्लडप्रेशर आहे. मला म्हणाली, "मामी, ह्या वासाने एकदम आईंच्या कपाटाची आठवण आली. संक्रांतीला मी हीच हातात घेणार." मी पाण्याचा घोट घेतला.

बाकी सर्व क्षेम. भावजींना नमस्कार, खोकल्याला आडुळसा.

तुमची
द्वारका

ता. क. आडुळसा मधातून द्या. आणि ते काळं रेशीम तुमच्या चंद्रकळेचं होतं. पण आतलं टोक, कमरेला खोचतो ते. तिथला तुकडा गेला तर नेसल्यावर ब्रह्मदेवाला कळणार नाही.

ता. क. पुन्हा. वरचं तनयाने वाचलं आणि म्हणाली, आई, खरं लिही, नाहीतर मी आत्याला फोन करते. तर नुसता तुकडा गेला तो पहिल्या दिवशी. प्रदर्शनानंतर मॅडमनी त्याच रेशमाच्या अजून पर्स मागितल्या, आणि पक्की झालेल्या पोरीच्या आईने नाही कसं म्हणायचं? आता नुसता पदर उरलाय. अख्खा, जरीसकट, वेखंड घालून बांधून ठेवलाय. त्याला कात्री लावली नाही. लावायला घेतली होती, सासूबाई डोळ्यांपुढे आल्या. तो नव्या काळ्या रेशमाला जोडून संक्रांतीला अवनीला मी स्वतः नेसवीन, टाके तुम्हाला भिंग लावूनही दिसणार नाहीत. फॉलही लावीन. चंद्रकळेतलं थोडं अवनीकडे आधीच पोचलंय, तेवढं लाल पेन उचलताना ध्यानात असू द्या.

ता. क. शेवटचं. तुम्ही भांडायला येणार हे मी धरून चाललेय. रविवारी या, घारगे करते. येताना तो ब्लाऊजपीस घेऊन या. दोन पर्सला कापड कमी पडतंय.