इष्टलिंग गळ्यात, शिलू बर्फावर

२० जाने., सोम.
पूजा आटोपून उठले तोच लेकीचा, शिलूचा मनालीहून फोन. स्वतः बोलत होती, म्हणजे जीव आहे. बाकीचं मग ऐकलं. सरावात लोखंडी पाइपवरून बर्फावरचा बोर्ड घसरवत जाताना पालथी पडली, छाती पाइपवर. डोकं ठीक, गुडघे ठीक. हाड मोडलं नाही, मुका मार. पण लागलं ते गळ्यातल्या करडग्यामुळं, इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीमुळं. जाकिटाच्या आत होतं, तेच रुतलं. फोटो पाठवला. सुपारीएवढा काळानिळा गोल. आठव्या वर्षी दीक्षा झाली तेव्हा मीच इष्टलिंग त्या करडग्यात ठेवून गळ्यात घातलं होतं.
हे म्हणाले, "हाड मोडलं न्हाय न्हवं? मग रडतीस कशाला?" आणि उचगावला कारखान्यात गेले ते किल्ल्या घरातच विसरून.

२३ जाने., गुरु.
कोचनी सांगितलंय, गळ्यात टणक काही घालून वर यायचं नाही. शिलू म्हणते, मग मी येतच नाही.
"अव्वा, अंगावरनं काढायचं न्हाय, हे तूच शिकवलंस. काढून खेळायचं असंल तर मला खेळायचंच न्हाय."
हॉटेलातल्या नोकरीला म्हणून गेली होती पोरगी. बर्फ बघितला आणि नोकरी सुटली. आठ हिवाळे झाले. स्लोपस्टाइल म्हणतात या खेळाला. दोन्ही पाय फळीला बांधून उभं राहायचं, वरून खाली येताना आधी पाइप, मग तीन मोठ्या उड्या, पंच गुण देतात. मागच्या साली मुलींत पहिली आली, तेव्हापासून एक कंपनी बोर्ड आणि प्रवास देते. २३ फेब्रु.ला स्पर्धा. त्यातून परदेशी सरावाला निवडणार.
आठ वर्षं शिवाजवळ एवढंच मागत आले की हिनं थांबावं. आता मी नुसतं गप्प बसायचं आहे.

२४ जाने.
गप्प बसले. झोप फार छान लागली.

२७ जाने., सोम.
जाऊबाई आल्या होत्या. "सुटलीस बाई. आता पोरीला घरला बोलाव." मी हो म्हटलं. चहा दिला.
दुपारी माळ्यावरून जुनी इस्त्री काढली, कशाला ते माहीत नाही. तळाला अजून मेण चिकटलेलं. बोर्डच्या पोटाला मेण लावायचं ते इस्त्रीनंच वितळवून. शिलू मे महिन्यात घरी आली की ते काम माझं. तिच्यापेक्षा माझा हात साफ आहे, असं तीच म्हणते.
फोनवर विचारलं, स्पर्धेच्या बोर्डला मेण कोण लावतंय?
"कुणी न्हाय. गुंडाळून ठेवलाय."
आवाजात काहीच नव्हतं. पडली त्या दिवशीसुद्धा त्यात जोर होता.

३० जाने., गुरु.
मठात गेले. स्वामीजींना सगळं सांगितलं. त्यांनी उलट मलाच विचारलं, "ऑपरेशनला आत नेताना लिंग काढत्यात का न्हाय?"
काढतात म्हटलं.
"कुणाच्या हातात देत्यात?"
आईच्या. नाहीतर जो जवळचा असेल त्याच्या.
"मग?"
मी म्हटलं, स्वामी, तिथं जिवाचा प्रश्न असतो, हा खेळ आहे.
"खेळ हाय का जीव हाय, ते मला इचारू नको. तिला इचार." मग म्हणाले, "पर धरणाऱ्यानं पूजेसारखं धरायचं. डावा तळहात, नजर त्याच्यावर. खिशात टाकून च्या पीत बसायचं न्हाय."
शिलूला काही विचारलं नाही. मी येते, म्हणून सांगितलं. माझ्या हातात दे आणि जा. मग म्हणाली, "अव्वा, हितं लई थंडी हाय. दोन स्वेटर आण." आणि लगेच, "इस्त्री पण आण."

१८ फेब्रु., मंगळ.
निजामुद्दीनच्या गाडीत बसले. बरोबर दशम्या, शेंगांची चटणी, विभूती, इस्त्री. हे डब्यापर्यंत आले. "वर नीट उभी ऱ्हा. ती पडली तर डॉक्टर हाय. तू पडलीस तर डॉक्टर तिच्याकडं बघंल का तुझ्याकडं?" गाडी हलली तरी खिडकीला धरून चालत होते.

२१ फेब्रु., शुक्र.
बर्फ बघितला. मिठाच्या गोदामासारखा वास येईल वाटलं होतं, वासच नाही.
शिलूच्या खोलीत डोल्मा म्हणून लाहौलची मुलगी राहते, तीही हाच खेळ खेळते. मी बोर्डला इस्त्री करत होते तर तिनं आपलाही आणून ठेवला. दोन्ही केले.
कोच मला माताजी म्हणतात. बर्फावर चालणाऱ्या स्कूटरवर मागं बसवून वर नेलं. मी डोळे मिटून बसले.
शिलूनं करडगं गळ्यातून काढलं. अठरा-एकोणीस वर्षांत तिचा गळा मोकळा पाहिला नव्हता. मी इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं, नजर खाली. ती गेली.
बघायचं नाही, पण कानाला कोण अडवणार. बर्फावर बोर्ड खरखरतो. पाइपवर चढला की सुरी दगडावर घासल्यासारखा आवाज. मग काहीच ऐकू येत नाही. ते काहीच नाही, म्हणजे पोरगी हवेत. मग धप्प. मग परत खरखर.
सहा वेळा गेली, सहा वेळा वर आली.

२३ फेब्रु., रवि.
दोनदा उतरायचं, दोन्हीतलं चांगलं ते धरतात.
पहिल्यांदा पाइपवरूनच घसरली. उठून वर आली, गुडघ्याला बर्फ. "काय न्हाय झालं," म्हणाली. मधल्या वेळात गळ्यात घातलं, परत काढून दिलं.
दुसऱ्यांदा. पाइप झाला. पहिली उडी, धप्प. दुसरी, धप्प. तिसरीला आवाज गेला तो येईना. येईनाच. नजर उचलली. चुकलंच माझं. उचलून तरी काय, वरून उताराची कड दिसते, त्यापलीकडे काही दिसत नाही. हातात देव आणि समोर रिकामा बर्फ.
मग धप्प. खालून लोक ओरडले.
वर आली ती तोंडभर हसत. "तीनच्या तीन, अव्वा." मान वाकवली. शिवदाऱ्याची, करडग्याच्या दोऱ्याची, गाठ मी दोनदा मारली.
मी कबूल केलं, नजर उचलली होती गं.
"दिसलं का काय?"
न्हाय.
"मग झालं की."
मुलींत दुसरी आली. निवड झाली का ते नंतर कळवणार. रात्री तिघींनी दशम्या संपवल्या.

६ मार्च, गुरु.
घरी. शिलूचा फोन, निवड झाली. जून-जुलै, न्यूझीलंड. आपल्याकडे पाऊस तेव्हा तिकडे बर्फ. सोबत डोल्मा पण.
पोरगी थांबावी असं मागायला आज देवापुढं बसले, तर ते तोंडातून निघेना. भलतंच मागितलं. धप्प आवाज येऊ दे, एवढंच.
प्रश्न आहे तो आहेच. तिथं हातात धरणार कोण? शिलू म्हणते, डोल्मा धरते म्हणते. डोल्मानं व्हिडिओवर डावा तळहात पुढं करून दाखवला, त्यावर मेणाची वडी. "आंटी, घडी लगाओ." दहा मिनिटांचं घड्याळ लावलं. तिची नजर हलली नाही. माझी दोनदा दुधाकडं गेली.
पण तिला दीक्षा नाही. चालेल का, मला माहीत नाही. स्वामीजी सोमवारी भेटतात.

८ मार्च, शनि.
यांना म्हटलं, स्वामीजी नको म्हणाले तर?
संध्याकाळी, "चल, साडी बदल," म्हणून मंगळवार पेठेतल्या फोटोवाल्याकडं घेऊन गेले. पासपोर्टचा फोटो, माझा. हो म्हणोत, नाही म्हणोत, काढून ठेवायला काय जातंय म्हणे.
फोटोवाला म्हणाला, काकू, यात हसायचं न्हाय.
तीनदा काढावा लागला.