काठाचा वाटा

१२ जाने.
शेवटच्या सेमिस्टरच्या प्रकल्पाचा विषय द्यायची आज मुदत. मयुरीने सिमेंट घेतलं, बाकी अर्ध्या वर्गाने कोळसा. मी आमच्या तळ्यातली मासळी लिहून दिली. वाटलं सर हसतील. ते म्हणाले, घरचीच साखळी आहे, आतली माहिती तुमच्याशिवाय कुणाला मिळणार? शिवाय सप्लाय चेनवाल्यांना आता सगळीकडे मागणी आहे.
मागणी आहे खरी. मागच्या बॅचचा एक जण बुटीबोरीच्या गोदामात खोकी लावतोय, दुसरा गावी परत आलाय.
गावात विचारतात तेव्हा बाबा सांगतात, माल इकडून तिकडं कसा न्यायचा त्याचं शिक्षण. काकी म्हणाली होती, "मंग ड्रायवर होशीन का वो?"

२६ जाने. घरी.
झेंडावंदन उरकून सगळे तळ्यावर. आज मोठं जाळं. बाबा मच्छीमार सोसायटीचे सचिव, त्यामुळे वजनकाट्यापाशी तेच. रोहू-कतला काट्यावर जातं. जाळ्यात सोबत येणारी बारीक मासळी, झिंगे, एखादी मरळ, हे काठावरच्या बायांचं. ज्यांच्या घरचं कुणी जाळ्याला नाही त्यांचं. काका गेल्यापासून काकीही त्यांच्यातच. टोपलं डोक्यावर घेऊन घरोघर फिरते, मासळी देते, तांदूळ घेते. काठाचा वाटा म्हणतात. कुठे लिहिलेला नाही, कधी कुणी विचारलाही नाही.
काकीने माझ्यासाठी झिंगे राखून ठेवले. पोट फुटेस्तोवर खाल्ले.

९ फेब्रु. होस्टेल.
तक्ता काढतेय. तळं, काटा, बर्फ, गाडी, बाजार. पाण्यातून निघालेलं वजन आणि गाडीत चढलेलं वजन जुळेना. फरक कशाचा ते मला तक्ता काढायच्या आधीपासून माहीत. पण काठाच्या वाट्याला पुस्तकात रकानाच नाही. विक्री म्हणावी तर नाही, दान म्हणावं तर तेही नाही. शेवटी 'गळती'खाली टाकला. फाटकी जाळी आणि सडलेला माल यांच्या ओळीत.
खाली टीप देता आली असती. तक्ता गिचमिड दिसला असता म्हणून दिली नाही. असली मी.

२८ फेब्रु.
सादरीकरण झालं. परीक्षक म्हणून नागपूरचे एक ठोक मासळी-व्यापारी आले होते. बाकीचे तक्ते त्यांनी पेंगत पाहिले, माझ्या गळतीपाशी जागे झाले.
"ही कशी थांबवाल?"
काटा काठावर नको, नावेतच, डोंग्यातच ठेवायचा. काठाला लागायच्या आत सगळा माल मोजून बर्फात. मी भडाभडा बोलून गेले. टाळ्या पडल्या आणि मला त्या फार आवडल्या.
व्यापारी म्हणाले, परीक्षा झाली की आमच्याकडे या, तुमच्या चामोर्शीकडच्या तळ्यांचा माल सांभाळायला माणूस हवाच आहे. वर्गात पहिली नोकरी माझी!
काकी तेव्हा आठवली नाही. आठवली ती परतताना बसमध्ये. मार्कंड्याच्या जत्रेला निघालेल्या बायांनी बस भरली होती, एकीच्या मांडीवर रिकामं टोपलं होतं.

१८ मार्च
बाबांचा फोन. व्यापारी गावात येऊन गेला, सोसायटीने मोसमाचा करार केला. "तुह्या नावानं आला होता बेटा. म्या डोळे झाकून सही केली." आवाजात नुसता आनंद. बारीक मासळीचं काय ठरलं, हे विचारायचं होतं. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं.

३० मार्च. घरी.
बघायचं नव्हतं, तरी गेले. डोंग्यात काटा, व्यापाऱ्याची दोन माणसं. झिंगेसुद्धा बर्फात. बाया नेहमीसारख्या टोपली घेऊन काठावर. डोंगा सरळ गाडीपाशी लावला. त्यांना वाटलं, घाईत विसरले.
काकीने हाक मारली, "ओ भाऊ, आमचं रायलं ना!"
त्या दोघांतला एक पोरगा खरंच न समजून म्हणाला, "तुमचं काय?"
आपलं काय ते सांगायची वेळच बायांवर कधी आली नव्हती.
मी बाभळीच्या आड उभी. तिथूनच घरी आले.

२ एप्रिल
काकी अंगणात बसून बोलत होती. "बाहेरच्या मानसाले कसं समजलं वो, का बारीक मासोळ्या काठावर जातेत म्हून? गावातल्याच कोनं तरी सांगतलन."
मी भांडी घासत होते. घासतच राहिले.

६ एप्रिल
व्यापाऱ्यांना फोन केला. म्हणाले, सोसायटीने मागितलं तर वाटा सोडू. पण मग या मार्गावर मला काही उरत नाही, आणि तुमची जागा याच मार्गाची आहे. "विचार करा. कल्पना तुमचीच होती." आवाज गोड आणि एक शब्द खोटा नाही.
मयुरीला सगळं सांगितलं. ती म्हणते, नोकरी घे आणि काकीला पगारातून देत जा. म्हणजे जे काकीचं होतं त्यासाठी तिने माझ्यापुढे हात पसरायचा. आणि लाज ही की, रात्रभर मला हा मार्ग बरा वाटत राहिला.

१० एप्रिल
बाबांवर आलं. पानठेल्यावर कुणी तरी तोंडावर म्हणालं, "सचिवानं पोरीच्या नोकरीसाठी बायायचा वाटा विकलन." अर्धं खरं, म्हणून जास्त झोंबलं. गळती कुणी लिहिली, याची बाबांना कल्पनाही नाही. म्हणाले, सही माझी, तर दोष माझा. जेवले नाहीत.
मी पाण्याचा गडवा घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले. सांगायचंच होतं. तोंड उघडलं आणि म्हणाले, "पाणी."
भित्री. चोर ते चोर, वर भित्री.

१३ एप्रिल
आज सोसायटीची सभा. बायांनाही बोलावलंय.
दुपारी काकी आली, आत येऊन दार लोटून घेतलं. वाटलं, कळलं हिला. क्षणभर सुटल्यासारखं झालं.
"सभेत मी उभी राहतो," ती म्हणाली. "सांगतो, वाटा आम्हीच सोडला, राजीखुशीनं. तुह्या बाबाचा काई दोष नाई. मंग तोंडं बंद होतीन लोकायची. बाकीच्या बायायले मनवलं म्या."
"आन तू काय करशीन?" मी विचारलं.
"मिरच्या तोडाले जाईन तेलंगणात. साऱ्या जातेत. पन तुहा बाप मान खाली घालून चालून राह्यला, ते नाई पाहवत. फक्त मले सभेत बोलता येत नाई वो. तू शिकली हायेस. चार शब्द बसवून दे."
मी बसवून दिले.
कसं उभं राहायचं, कुणाकडे बघायचं, कुठे थांबायचं, सरांनी आम्हाला जे जे शिकवलं ते सगळं. तिने पुन्हा पुन्हा म्हणून दाखवलं. 'राजीखुशीनं'पाशी दर वेळी अडखळायची. मी म्हटलं, तिथे श्वास घे. घेतला तिने. मग नीट आलं.
"बराबर बोलली का मी?"
"हो काकी."
माझ्या डोक्यावर हात ठेवून गेली. ती लुगडं बदलते आहे आता. बाबा चपला घालून ओसरीवर बसलेत. मी सभेत बोलावं असं कुणी म्हटलेलं नाही. बोलू नये असंही नाही. काकीच्या शेजारी बसणार आहे, एवढंच नक्की. ती उठायच्या आधी मला उठावं लागेल.
बाहेरून काकीची हाक आली, "चाल वो माय, उशीर होऊन राह्यला."