ढेकळासाठी दुष्काळी तक्ता

९ फेब्रुवारी २०२५, ईट
सासुरवाडीत मेहुण्याच्या मुलाचं जावळ. आहेर पुढीलप्रमाणे: वीरप्पाला फेटा, मला टॉवेल-टोपी. टोपी लहान. कानाच्या दोन बोटं वर थांबते.
वीरप्पा म्हणजे माझा साडू. धाकटा. भूमजवळच्या वाशीला शिक्षक. मी थोरला जावई, त्याच्याआधी नऊ वर्षं. भूमला मोटार रिवाइंडिंगचं दुकान. हे काम कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. जळक्या मोटारी उकलत, वेढे मोजत स्वतः शिकलो. पण पगारपत्रक नाही ना.
सासरे सिद्रामप्पा म्हणाले, जावईबापू, एक फेटा कमी पडला हो. कमी पडायला बरा माझ्याच डोक्यापाशी येऊन कमी पडला. त्यात वीरप्पा भर मांडवात म्हणाला, अण्णा, माझा घ्या की. म्हणजे त्याच्या डोक्यावरचा उतरलेला मी घालायचा!
विसरणार नाही. म्हणून ही वही.

२ मार्च
संधी चालत आली. चार पायांनी.
मेहुणा शिवकुमार कंपनीकडून आठ महिने जर्मनीला चालला. त्याची दोन आफ्रिकी कासवं आहेत, कागदपत्रांसह. दोन्ही बहिणींच्या घरी एकेक ठेवून जातोय. त्याच्या नव्या फ्लॅटमध्ये जनावर चालत नाही, म्हणून भाऊबीजेला परत आल्यावर ज्याच्याकडचं कासव तब्येतीनं सरस, त्यालाच दोन्ही कायमची.
दुकानातल्या तांब्याच्या तारेच्या काट्यावर वजन: माझं २१४० ग्रॅम. वीरप्पाचं २१८५. पंचेचाळीस ग्रॅम पहिल्याच दिवशी तिकडं जास्त. या घराण्यात मला पूर्ण माप कधी मिळालंय?
माझ्या कासवाचं नाव सुलतान. वीरप्पानं त्याच्या कासवाचं नाव ढेकूळ ठेवलं. यावरून माणसाची पातळी कळते.
संकल्प: भाऊबीजेला ढेकूळ वाशीहून माझ्या गाडीत बसून निघेल. वीरप्पा दारात उभा असेल. मी मागं वळून बघणार नाही. आरशात बघेन.

५ मार्च
शिवकुमारनं जाताना दोघांत मिळून एकच प्रत, थोरला म्हणून माझ्याकडं, चार पानी इंग्रजी सूचना दिल्यात. पहिल्याच ओळीत गवत हा शब्द दिसला. घडी घालून ठेवून दिल्या. गवत टाकायला शास्त्र कशाला लागतं? शेळीवालाही टाकतो.
ऑनलाइन कासवाचे पेलेट, म्हणजे खाद्याच्या गोळ्या, मागवले.

१० मार्च, सकाळी ११.१०
डबा आला. प्रोटीन ४० टक्के! म्हशीला देतो त्या सरकी पेंडीत याच्या जेमतेम निम्मं असतं. वीरप्पा संपला.
डब्यावरच्या चित्रात कासव पोहतंय. तिकडं उन्हाळा कडक असेल.
उमादेवीनं (पत्नी) डबा हातात घेऊन विचारलं, अहो, हे पाण्यातल्या कासवाचं न्हाय ना? मी म्हणालो, कासव ते कासव. ती म्हणाली, मग ह्याला मासळीगत वास का मारतोय? आपल्या लिंगायताच्या घरात मासळीचा वास कसा असतो हे हिला कुठून माहीत? व्हिटॅमिनचा वास आहे म्हणून सांगितलं. घटक बारीक अक्षरात छापलेत. चष्मा दुकानात होता.
डबा ओल धरू नये म्हणून देवघराखालच्या कपाटात ठेवला.

१७ मार्च
सुलतानचा खुराक ठरला. सकाळी ७.३० पेलेट ४० ग्रॅम, कोरडे. दुपारी १ ला काकडी, टोमॅटो, पालक, मिळून ६० ग्रॅम. संध्याकाळी ६ ला एक केळं, साल काढून. मुक्काम समोरच्या खोलीत, फरशीवर, सावलीत. उन्हानं कवचाचा रंग उडतो.
तीन घास गिळून माझ्याकडं बघतो. जाण आहे.

३० मार्च, गुढीपाडवा
वीरप्पाचा फोन. अण्णा, हे लई सुस्त पडतंय हो. भाकरी कुस्करून घातली, वरण घातलं. तुमी वाचलेलं माणूस. काय घालू तेवढं लिहून द्या की.
शत्रू स्वतः येऊन विचारतोय, कुठं मारून घेऊ! पुरणाच्या दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

१ एप्रिल
दुकान दुपारपर्यंत बंद. तक्ता तयार केला. दुष्काळात आजोबा जनावरं कशी नुसती तगवायचे ते आठवून एकेक कलम घातलं.
एक, पेलेट बंद. दोन, फळ, टोमॅटो, भाकरी, वरण बंद. तीन, फक्त हरळी आणि वाळलेलं गवत. चार, फड्या निवडुंग, काटे काढून (काटे ठेवायचा विचार होता, जनावराशी माझं वैर नाही). पाच, जास्वंदीचा पाला. सहा, समुद्रफेसाचा तुकडा चाटायला, म्हणजे खाल्ल्याचा भास होईल. सात, रोज सकाळी अर्धा तास उथळ कोमट पाण्यात बसवणे. त्यानं अंग गळतं. आठ, दिवसभर शेतात मोकळं सोडणे. चालून चालून झडेल.
भाऊबीजेपर्यंत ढेकळाची खापरी.
सही करायची नाही असं ठरवलं होतं. पण बिनसहीचा कागद अर्धवट वाटतो. सही केली, तारीख घातली, लॅमिनेशन केलं. उमादेवी वाचून म्हणाली, वीरप्पा भावजींना मनापासून लिहून दिलंत हो.

२६ मे
सुलतान ३०२० ग्रॅम. फोनवर सहज विचारलं, ढेकूळ किती? वीरप्पा म्हणाला, अण्णा, वजन न्हाय केलं, पर पळतंय लई. पळतंय! अन्न शोधायला पळत असणार. मन भरून आलं.

२९ जून
सुलतानच्या कवचावर बदल. प्रत्येक चौकट मध्यभागी उंच होत चाललीय. देवळाच्या शिखरासारखी. तेरा मोजली. खानदानी लक्षण. शेजारचा बिराप्पा म्हणाला, मामा, ह्याच्या पाठीवर गळवं आल्यात का? म्हशीपलीकडं ज्यानं काही पाळलं नाही त्याला काय सांगावं? बोलणं बंद केलं. त्याची मोटार दुकानात आहे. पुढच्या महिन्यात बघू.

३ ऑगस्ट
वीरप्पानं फोटो पाठवला. ढेकूळ वर्गाबाहेर झाडाखाली, पोरं भोवती. पाठ सपाट, गुळगुळीत, कुंभारानं नुकती थापटल्यासारखी. एकही शिखर नाही. कुपोषण. वीरप्पानं खाली लिहिलंय, अण्णांच्या कृपेनं.
थोडं वाईट वाटलं. पाच मिनिटं.

७ सप्टेंबर
सुलतान ३९६० ग्रॅम. चाल राजेशाही झालीय. दोन पावलं टाकतो, थांबतो, मागचे पाय विसावतो. माझ्या चपलेचा आवाज आला की मान बाहेर काढतो. उमादेवी हाक मारते तेव्हा काढत नाही. हे नोंदवून ठेवतो.

२१ सप्टेंबर, सकाळी ८.४०
आज एकच पाऊल टाकलं. मागचे पाय फरशीवर नुसते घसरतात. पेलेट खाल्ले नाहीत. केळं हातानं भरवलं.
उमादेवी म्हणाली, भावाचे कागद तरी वाचा एकदा. तिचं मन राखायला काढले. पान एक: गवत, हरळी. फड्या निवडुंग. जास्वंदीची पानं. समुद्रफेस. रोज उथळ कोमट पाणी. ऊन, मोकळी जमीन. फळ नको, जास्त प्रोटीन नको.
माझाच तक्ता. कलमाला कलम. कुणीतरी फितूर झालंय! कागदावरची तारीख बघितली. फेब्रुवारी.
वही तीन दिवस उघडायची नाही.

२५ सप्टेंबर
चार दिवस सुलतानला हरळी घातली. स्वतः खुरप्यानं काढून, धुऊन, मोजून ८० ग्रॅम. तोंड लावत नाही. केळ्याच्या वासाकडं मान वळवतो. उन्हात ठेवला तर डोळे मिटतो. कोमट पाण्यात बसवला तेव्हा माझ्या मनगटावर मान टेकवून पडून राहिला.
वीरप्पाला विचारावं का, ढेकळाला हरळीची सवय कशी लावली? फोन उचलला. नंबर लावला. टोपी आठवली. ठेवून दिला.
संध्याकाळी केळं दिलं. अर्धंच. मग उरलेलं अर्धं.

१९ ऑक्टोबर
वजन ४११० ग्रॅम. आकडा आकडाच असतो. शिवकुमार हिशोबी माणूस आहे, काट्याचं ऐकेल. भाऊबीजेला काटा बरोबर न्यायचा. सुलतानला पाटावर ठेवायचं, म्हणजे चालावं लागणार नाही.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज, ईट
शिवकुमार आला. बरोबर पुण्याचा मित्र, जनावरांचा डॉक्टर. हे आधी कुणी सांगितलं नव्हतं.
अंगणात दोन्ही कासवं ठेवली. ढेकूळ ३१५० ग्रॅम. सुलतान माझ्या काट्यावर ४१२०. मी आकडा मोठ्यानं वाचला. दोनदा वाचला. ढेकूळ तोवर तुळशीपर्यंत जाऊन परत आलं.
डॉक्टरांनी सुलतानच्या पाठीवरून बोटं फिरवली, मागचे पाय हळूच ओढून बघितले आणि विचारलं, याला काय घालता? मी अभिमानानं डबा पुढं केला. त्यांना चष्मा लागत नाही. बारीक अक्षरं मोठ्यानं वाचली: मासळीचं पीठ, कोळंबीचं पीठ. पाण्यातल्या कासवासाठी.
सासूबाई शिवम्मांनी पदर तोंडाला लावला. सासऱ्यांनी विचारलं, हा डबा घरात कुठं ठेवलावता? उमादेवीनं सांगून टाकलं, देवघराखाली.
मग डॉक्टर ढेकळाकडं वळले. म्हणाले, इतकं नीट वाढलेलं कासव मी क्वचितच बघतो. कुणी सांभाळलं? वीरप्पानं पिशवीतून माझा तक्ता काढला. लॅमिनेशनवर एक सुरकुती नाही. म्हणाला, मी न्हाय हो साहेब, आमच्या अण्णांचा तक्ता. एक अक्षर इकडचं तिकडं होऊ दिलं न्हाय. सही बघा.
डॉक्टरांनी सही बघितली. मग मला बघितलं. म्हणाले, हे तुम्हीच लिहिलंत, आणि ते तुम्हीच घातलंत?
मी डब्याचं झाकण लावलं. उमादेवी म्हणाली, ह्यांचं तसंच आहे, चांगलं ते आधी पाव्हण्यांना देतात. सगळे हसले. ती हसली नाही.
निकाल: उंचवटे आता बसायचे नाहीत, पण इथून पुढची वाढ आणि पाय सुधारू शकतील. सुलतान वाशीला जाणार. माझ्याच तक्त्यावर.
वीरप्पानं त्याला दोन्ही हातांनी उचललं. म्हणाला, अण्णा, काळजी करू नका, ह्याला बी तुमच्या अक्षरावर ठेवतो. तो गाडीकडं निघाला तेव्हा मी अंगणात पाय आपटून बघितला. चपलेचा आवाज यावा म्हणून. सुलताननं मान बाहेर काढली. वीरप्पाच्या हातातून.
मी दारात उभा होतो. त्यानं आरशात बघितलं नसावं. असल्या गोष्टी त्याला सुचत नाहीत.
निघताना सासऱ्यांनी आतून ताट आणलं. फेटा! म्हणाले, जावईबापू, तवाचं मनात राहिलंवतं. असा तक्ता लिहिणारा जावई आमच्या घरात दुसरा न्हाय. बांधायला वीरप्पालाच हाक मारली. त्यानं गाडीतून उतरून, वेढा वेढा ओढून बांधला. घट्ट. मापात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
परतीच्या वाटेवर उमादेवी एकदाच बोलली. म्हणाली, असाच सूड घेत जावा वरचेवर. लोकांचं भलं होतंय.

२४ ऑक्टोबर, भूम, दुपारी १
सवयीनं काटा मांडला. काकडी चिरली. समोरच्या खोलीत गेलो.
काटा रिकामा बरा दिसेना. फेटा ठेवला.
२६५ ग्रॅम.