रोहूची तालीम

हे पत्र एका हाताने लिहितो आहे. दुसऱ्या हातात दोरी आहे आणि दोरीच्या टोकाला, शेततळ्यात छातीपर्यंत, तुमचा चिरंजीव स्वराज आहे. तळ्याच्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही, दोरीवाचून वर येता येत नाही. म्हणून हौसरावमामा, नमस्कार बसूनच केला आहे, रागावू नका. गुडघा कसा आहे? मामींचा राग कसा आहे? (आई म्हणते, दोन्ही थंडीत वाढतात.) इकडे न्हावऱ्यात सगळे खुशाल, मासे जरा जास्तच. फोन केला असता, पण स्वराजचं नाव निघालं की तुम्ही ठेवून देता. म्हणून हे पत्र दौंडच्या एसटीने, कंडक्टरच्या हाती.

कुस्तीतून त्याचं मन निघावं म्हणून तुम्ही त्याला आमच्याकडे धाडलंत. निघालं, आणि तळ्यात पडलं. मत्स्यपालनाच्या प्रशिक्षणात साहेबांनी सांगितलं, की माणसाच्या स्नायूंत जन्मतः जितके धागे असतात जवळपास तितकेच राहतात, पुढे फक्त जाड होतात. रोहूचे जाडही होतात आणि नवेही येत राहतात. शिवाय प्रवाहाविरुद्ध पोहला की मांस घट्ट होतं. जत्रेत माती अंगाला लागायच्या आत चितपट झालेल्या माणसाला हे सांगायला नको होतं. घरी येऊन तो जेवला नाही. म्हणाला, "ज्ञानेशदादा, म्हंजी देवानं माशाला दिलं आन् पैलवानाला न्हाई. आन् त्यो मासा नुसता बसून खातोय!"

तेव्हापासून तळ्यात तालीम आहे. मोटर लावून हा पाणी गोल फिरवतो, मासे प्रवाहाच्या उलटे पोहतात, हा काठावर मांडी थोपटतो. शेतीची लाईट असेपर्यंत हेच. (आई म्हणाली, "माझा कांदा वाळला आन् तुझा मासा घामाघूम.") मग खुराक. परवा डेअरीला जायचं सगळं दूध त्याने बदाम वाटून तळ्यात ओतलं. दूध नासलं, पाण्यातली हवा संपली, आणि सकाळी मासे तोंडं वर काढून आ वासत होते. मी शिव्या दिल्या. त्यात तुमचंही नाव आलं, क्षमा असावी. त्याने लगेच मोटर लावली. लाईट गेल्यावर स्वतः उतरला आणि लाईट परत येईपर्यंत घमेल्याने पाणी उडवत राहिला. मासे वाचले.

आज तालमीचा निकाल आहे. तो देणार शेजारचे ज्ञानूआबा, त्यांनी जन्मभर मेंढरं पारखली. काट्यावर त्यांचा विश्वास नाही, पाठीवर अंगठा दाबून अंगात मांस किती ते सांगतात. (तुमचा एडका त्यांनी नाकारला होता, आठवत असेल.) आबा 'पाठ न्हाई' म्हणाले तर तळं कांद्याला आणि स्वराज सोमवारपासून तुम्ही ठरवलेल्या कुरकुंभच्या कंपनीत, असं आईने जाहीर केलं आहे.

आला स्वराज वर, मासा काखेत घेऊन. आबांनी आधी सवयीने तोंड उघडून दात पाहिले. (दिसले नाहीत, रोहूचे दात घशात असतात.) मग अंगठा दाबला. बराच वेळ दाबला. "पाठ हाय," म्हणाले. "लोकर असती तर बीजाला ठिवला असता."

आईने रस्सा केला. तुकडा मोडला नाही. आबांच्या तोंडातही मोडला नाही. म्हणाले, "मी न्हाई, ह्योच मला चावतोय."

तरीही मामा, दूध, लाईट आणि कांदा यांचा विचार करून त्याला घेऊन जावं, ही विनंती. मामींना नमस्कार, गुडघ्याला शेक.

तुमचा कोरडा भाचा,
ज्ञानेश

ता. क. शेवटचा परिच्छेद आई शेजारी बसली होती तेव्हा लिहिला. त्याला नेऊ नका. कंपनीला माणसं मिळतील. लाईट गेल्यावर पाण्यात उतरणारा मला कुठे मिळायचा?

ता. क. २. आईने वाचलं. म्हणते, "राहू दे पोरगं. पर दूध कुलपात."

ता. क. ३. काल एसटी चुकली. आज सकाळी तुम्हीच त्याला न्यायला आलात. काठावर उभे राहून ओरडलात, पाय सरकला, आत गेलात. मोटर चालू होती. प्रवाहाविरुद्ध बरे पोहलात. स्वराजने मोटर बंद केली, दोरी टाकली, ओढून घेतलं. आबांनी तुमच्या पाठीवर अंगठा दाबला. दुपारच्या एसटीने तुम्ही एकटेच गेलात. हे पत्र आणि तुमची एक चप्पल संध्याकाळच्या कंडक्टरकडे देतो आहे. दुसरी स्वराज शोधतो आहे.