कबरीतली वरची जागा

मी, व्यंकोजी इम्मानुएल पाटोळे, वय एकोणऐंशी, धंदा सुतारकाम, राहणार शिवाजीनगर, बंगळूर, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टर मनस्विनी यांनी परवा तपासून तसा दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही. याआधी मी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी फक्त स्वतःची सोय पाहिली होती.

१. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या आणि वरचा माळा, माझा एकुलता एक मुलगा श्रीहर्ष याला मिळावं. तो बेळ्ळंदूरला अठराव्या मजल्यावर राहतो आणि आमच्या गल्लीत त्याची गाडी शिरत नाही, तेव्हा तो हे घर विकणार हे मला ठाऊक आहे. खुशाल विकावं. मात्र मागच्या खोलीतली लोखंडी खाट भंगारात घालू नये. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या ज्या कोणाला गरज असेल त्याला ती द्यावी. त्या खाटेवर माझी थोरली बहीण तानूबाई एकेचाळीस वर्षं झोपली. आई वारली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि अक्का सतराची. मला वाढवायचं म्हणून तिने लग्न केलं नाही, असं लोक सांगत. ती स्वतः कधी तसं म्हणाली नाही.

२. बँकेत जे असेल ते माझ्या दफनाचा खर्च वजा जाता श्रीहर्षलाच मिळावं. याबद्दल अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

३. दुकानातली सगळी हत्यारं, रंधे, पटाशा, करवती, शिकंजे आणि कामाचं मोठं टेबल, मानसिंग यांना द्यावीत. बत्तीस वर्षं आम्ही दोघांनी मिळून शवपेट्या केल्या. त्यांना या कागदावर साक्षीदार करायचं होतं, पण ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये असं वकील म्हणाले. मानसिंगवर माझा एक राग होता, तोही इथेच निकालात काढतो. अक्काच्या दफनाहून परतताना टेम्पोत ते मला म्हणाले होते, "अण्णा, एक सही तर करायची होती." त्यानंतर वर्षभर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो. राग खऱ्या बोलण्याचा होता.

४. आता कबर. आमच्या जुन्या कबरस्तानात नवी जागा मिळणं केव्हाच बंद झालं आहे. ज्याच्या घरची कबर आहे त्यानेच ती उघडावी, आणि तीही मालकाच्या सहीनेच, असा तिथला नियम. माझी पत्नी शिवलीला २०११ साली गेली तेव्हा मी आमच्या घरच्या एकमेव जागेत दोघांपुरती खोल कबर खणून घेतली. खाली ती, वर एक जागा. दगडावर तिच्या नावाखाली माझंही नाव लगेच कोरून घेतलं, जन्मतारखेसकट. पुढची तारीख तेवढी कोरी आहे. आमच्यात बरेच जण असं करतात. मला त्यात फार समाधान वाटे.

शिवलीलाने जाण्याआधी मला सांगितलं होतं, "तुमच्या आधी अक्का गेल्या तर त्यांना माझ्याजवळ आणा. तुम्हाला कुठेही जागा मिळेल, त्यांना कोण विचारणार?" मी "सरी", म्हणजे बरं, म्हणालो. पुढे एका ईस्टरला आम्ही दगड धुवायला गेलो असता अक्का हसत म्हणाली, "व्यंकू, तुझं नाव स्वल्प वर घेतलं असतंस तर खाली माझंही मावलं असतं." मी म्हणालो, "अजून वेळ आहे की, अक्का." तो विषय तिने पुन्हा काढला नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये अक्का गेली. कबरस्तानाच्या कचेरीत कारकुनाने कागद पुढे केला. मी पेन हातात घेतलं आणि परत ठेवलं. "तिथं माझं नाव आहे," एवढंच म्हणालो. मग तिला देवनहळ्ळीकडच्या नव्या कबरस्तानात नेलं, जिथे आमच्यापैकी कोणीच नाही. पेटी मात्र मी सागवानाची केली, आतून पांढरा साटीन लावला. लोकांनी पेटीचं कौतुक केलं. मला ते गोड लागलं, हेही लिहून ठेवतो.

५. पाळक यशोवर्धन यांनी हे कलम उपासनेत वाचून दाखवावं, कारण मी त्या मंडळीत एकवीस वर्षं वडील, म्हणजे निवडलेला पंच, होतो आणि प्रभुभोजनाचा प्याला याच हातांनी फिरवला. मी चोरी केली नाही, दारू प्यालो नाही, एकही रविवार चुकवला नाही. अक्काला जागा नाकारली त्या दिवसानंतरही मला झोप नीट लागत होती. हेच भयंकर आहे. स्वार्थाचं पाप टोचत नाही. ते म्हणतं, हे तर तुझ्या हक्काचंच आहे, आणि माणूस डोळे मिटून आभार मानतो. माझ्या प्रार्थना लांबत गेल्या, शब्द चांगले येत गेले, आणि त्यात दुसऱ्या कोणाचं नाव येईनासं झालं. शेवटी मी देवाशी बोलतो आहे की स्वतःशी, हेही मला कळेना. तोंड उघडतो तर आत कोणी नाही असं वाटतं. दोन वर्षं झाली, अजून तसंच आहे.

६. यंदा मार्चमध्ये मी मानसिंगला घेऊन देवनहळ्ळीला गेलो. सहा वर्षांत पहिल्यांदा. आजूबाजूला घरांच्या प्लॉटचे लेआउट पडलेत. कबरींवरचे पत्र्याचे नंबर गंजून गळून गेलेत, रजिस्टरमधली ओळ पुसट झाली आहे. दुपारभर शोधलं. अक्का सापडली नाही. तिथे एका दगडावर बसून मी मोठ्याने रडलो.

७. तेव्हा माझी शेवटची आज्ञा अशी. शिवलीलाच्या वरची जागा मी मंडळीला देतो. ज्याला कुठेच जागा नाही असा पहिला जो कोणी येईल, बाई असो वा पुरुष, ओळखीचा असो वा नसो, त्याला ती द्यावी. दगडावरचं माझं नाव मानसिंग यांनी छिन्नीने काढावं. शिवलीलाच्या शेजारी कोणी परका झोपेल हे मला आजही सोसवत नाही. आणि सोसवत नाही म्हणूनच हे कलम कोणी, अगदी मी स्वतः उद्या म्हणालो तरी, बदलू नये. कबरस्तानाच्या कागदावर कालच सही केली आहे.

मला देवनहळ्ळीला न्यावं. साधी पेटी, दगड नको. अक्का कुठे आहे ते कळत नाही, तेव्हा जागा निवडत बसू नये.

हे मी श्रीहर्षला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मग मी फुलं कुठं ठेवायची, आप्पा?" त्याचं उत्तर इथे लिहितो. तिथे कुठेही ठेव, बाळा. दगड नसेल, तेव्हा ती माझ्यावर पडणार नाहीत, अक्कावरही बहुधा नाहीत. कोणाच्या तरी कबरीवर पडतील.

पाळक यशोवर्धन यांनी या मृत्युपत्राची अंमलबजावणी करावी.

सही: व्यंकोजी इम्मानुएल पाटोळे

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली आणि त्यांच्यासमोर आम्ही आमच्या सह्या केल्या:
१. डॉ. मनस्विनी रणभिसे, शिवाजीनगर
२. आप्पाजी शमुवेल भोसले, मंडळीचे खजिनदार

बंगळूर, १४ सप्टेंबर २०२५