डावा कोपरा

३ फेब्रुवारी, मंगळवार

टक्, टाक्-टाक्. टक्, टाक्-टाक्.

चौथीच्या वर्गातली गुरुजींची लाकडी पट्टी. कवितेची चाल बसवताना ती टेबलाच्या कडेवर पडायची — लगागा, लगागा — आणि आम्ही चाळीस पोरं माना डोलवत घसा फोडून म्हणायचो. आज अडुसष्ट वर्षांनी तोच आवाज! शेडमध्ये गाडीचा बंपर साबणाने घासत होतो आणि वाऱ्याने बादलीची कडी हलत होती, एवढंच. पण हातसुद्धा त्याच चालीत फिरायला लागला. त्या कवितेची सातही कडवी सलग म्हणून पाहिली. एक शब्द इकडचा तिकडे नाही. आणि लेक म्हणते, बाबा, तुम्हाला हल्ली काही आठवत नाही. घ्या!

गाडीचा निळा रंग अजून धड आहे. पण जे जे काळं प्लास्टिक — बंपर, दारांवरच्या पट्ट्या, आरशांच्या पाठी, वायपरखालची जाळी — सगळं राखाडी पडलंय. पिकलेल्या भुवयांसारखं. लेक महिनाअखेरीला येणार आहे. "भंगारात द्या," हे तिचं पालुपद. तिला दारात थांबवून गाडी दाखवायची. तोंडात बोट घातलं पाहिजे तिने.

४ फेब्रुवारी, बुधवार

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे गेलो. त्याच्या हातात सदा दहा नंबरचा पाना असतो म्हणून सगळी गल्ली त्याला दहा-नंबर म्हणते. काळा रंग फासायचा म्हटलं तर मला वेड्यात काढलं. म्हणे, महिन्याभरात पोपडे सुटतील. प्लास्टिकच्या पोटात तेल असतं. ऊन वरचं खाऊन टाकतं, आतलं शिल्लक असतं. गरम हवेचा झोत दाखवला की ते वर येतं आणि काळेपणा आपला आपण परततो.

किती सुंदर! बाहेरून काही लावायचं नाही, आतलंच वर बोलवायचं.

दोन ताकिदी दिल्या. हात सतत हलता ठेवायचा, नाहीतर वरचा बारीक दाणा वितळून जातो. आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा करायचं नाही. दर वेळी आतलं थोडं संपतं. सगळं संपलं की तडकतं.

हीट गन त्यानेच दिली. वर म्हणाला, परत आणायला मागच्यासारखं विसरू नका. मागे कधी? त्याच्याकडे शंभर गिऱ्हाइकं. माझ्या नावावर दुसऱ्याच कोणाचं तरी पाप.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दिवसभर गुडघा. शेडकडे फिरकलो नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

काय सांगू, डोळ्यांवर विश्वास बसेना. उजव्या दाराच्या पट्टीवर झोत धरला. आधी काहीच नाही. मग राखाडीत एक ओलसर काळी रेघ उमटली आणि झोताच्या मागोमाग सरकत गेली. पाटीवर ओलं फडकं फिरवल्यासारखी. माझ्या मागे कोणी उभं असतं तर मी ओरडून दाखवलं असतं.

मागे कोणी नव्हतं. ही गेल्याला चार वर्षं झाली. तरी वळून पाहिलंच.

आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी घेतलेली गाडी. हिने माझ्याआधी शिकून घेतली! मी शेजारी बसून कविता म्हणायचो आणि ही म्हणायची, यती चुकला की ब्रेक दाबीन हं.

८ फेब्रुवारी, रविवार

दोन्ही बाजू झाल्या. मागचा बंपर झाला. पुढचा उजवीकडून सुरू केला. जेवणापर्यंत डाव्या कोपऱ्याशी येऊन पोचलो. तो वीतभर कोपरा राहू दिला. शेडला कुलूप घातलं, किल्ली उशाखाली ठेवून पडलो.

चारला उठलो. कुलूप उघडलं. डावा कोपरा काळा कुळकुळीत.

हात लावला. कोमट होता.

९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी तो कोपरा पुन्हा राखाडी! बाकी सगळा बंपर काळा, तेवढाच पांढुरका — काजळ पुसल्यासारखा. कालचं मी स्वप्नात पाहिलं असेल. दुपारच्या झोपेत हल्ली स्वप्नं फार स्पष्ट पडतात.

कोपरा केला नाही. मुद्दामच. किल्ली या वेळी बनियनच्या आत दोऱ्याने अडकवली.

उठल्यावर पाहिलं. काळा. हीट गनची वायर खाली सोडलेली. मी ती नेहमी वेटोळं करून ठेवतो.

१० फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा तेच. सकाळी राखाडी, दुपारनंतर काळा. बोटांना तापल्या प्लास्टिकचा वास येतो. दोनदा साबण लावला, जात नाही. कामाचा वास मुरतो म्हणतात तसं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दहा-नंबरला बोलावून आणलं. तो उकिडवा बसला, कोपऱ्यावर अंगठा फिरवला. मग म्हणाला, "काका, इथला दाणाच उडालाय. बघा, काचेसारखं गुळगुळीत. आतलं संपत आलंय, काळेपणा रात्रभरही टिकायचा नाही. हे चार दिवसांचं काम नाही. कोणीतरी वर्षानुवर्षं हाच एक कोपरा भाजतंय."

मी म्हटलं, गाडी या शेडमधून माझ्याशिवाय कोणी काढत नाही.

त्याने माझ्याकडे पाहिलं. नंतर फार हळू आवाजात, आजारी माणसाशी बोलतात तसं, म्हणाला की आता याला हात लावू नका, काय उरलंय ते उरू द्या. मशीन घेऊन जाऊ का, असंही विचारलं. मी नाही म्हटलं. अजून वायपरखालची जाळी राहिली आहे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आता उघडच लिहितो. इथे कोण वाचणार आहे!

ही येते.

मी झोपलो की येते आणि तो कोपरा काळा करून जाते. संशय पहिल्या दिवशीच आला होता, लिहायची हिंमत नव्हती. भीती वाटते का? नाही. अंगावर काटा येतो, पण तो वेगळा. आज झोपण्यापूर्वी शेडमध्ये तिची वेताची खुर्ची नेऊन ठेवली. पाण्याचा पेला ठेवला. उठल्यावर पेला अर्धा होता.

एवढंच कळत नाही — सगळी गाडी सोडून तेवढाच कोपरा का?

१६ फेब्रुवारी, सोमवार

तडकला.

मी नुसता फडक्याने पुसत होतो. सुपारी फुटल्यासारखा आवाज झाला आणि कोपऱ्यावर वरपासून खालपर्यंत भेग. भेगेतून पांढरं काहीतरी दिसतंय. प्लास्टिक नव्हे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

दहा-नंबरने बंपर उतरवून शेडमध्येच पालथा घातला. आतल्या बाजूने सगळी हकीकत उघडी पडली. कोपरा कधीकाळी साफ तुटला होता. आतून तारेची जाळी लावून, वितळवून जोडला होता, सांध्यात पांढरी लांबी, म्हणजे पुट्टी, भरली होती. जुन्या डेंटरचं काम, चांगल्या हाताचं, असं तो म्हणाला. म्हणजे गाडी कशाला तरी जोरात धडकली होती.

मी म्हटलं, भिंतीला लागली असेल. ही मागे घेताना कधी.

त्याने आत बोट दाखवलं. आतल्या एका बोल्टला काळपट गुंडाळी होती. चिमट्याने सोडवली. चार बोटं रुंदीचं कापड. मळाच्या खाली पिवळं. काठाला बारीक, सुरेख टीप घातलेली.

"भिंतीला कापड नसतं, काका," तो म्हणाला.

दुपारी झोपलो की नाही, आठवत नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

लेकीला फोन केला. सहज विचारल्यासारखं विचारलं, तुझ्या आईने गाडी चालवणं कधी सोडलं गं? ती म्हणाली, माझ्या शेवटच्या वर्षाला, मी वसतिगृहात होते तेव्हा. एकोणीस वर्षं झाली. सुट्टीला घरी आले तर आई म्हणाली, डोळ्यांना कमी दिसतं, आता चालवत नाही. मग लेकीने विचारलं की बाबा, हे तुम्ही मला परवाही विचारलंत, बरं वाटत नाही का? मी परवा तिला फोनच केला नव्हता.

डोळे! त्याच डोळ्यांनी ही पुढे पंधरा वर्षं सुईत दोरा ओवत होती, आणि तोही चष्म्याशिवाय.

माळ्यावरची पेटी खाली घेतली. माझ्या सगळ्या रोजनिशा तिच्यात आहेत. एकोणीस वर्षांपूर्वीची वही काढली. फेब्रुवारी. एकोणीस तारखेला शाळेच्या स्नेहसंमेलनाची हकीकत, कोणी कोणती कविता म्हटली वगैरे. त्यानंतर एकदम एक मार्च. मधली पानं कात्रीने कापलेली. शिवणीलगत, ओळंब्यात. माझा हात जन्मात इतका सरळ चालला नाही. असं कापावं तर हिनेच.

बाकीच्या वह्या उघडायचं बळ राहिलं नाही.

म्हणजे हिने कोणाला तरी उडवलं. पिवळे कपडे घातलेल्या कोणाला तरी. गाडी गुपचूप जोडून आणली. माझ्या वहीत मला जे दिसलं असेल, कानावर आलं असेल, ते कापून टाकलं. डोळ्यांचं निमित्त केलं. आणि माझ्या शेजारी पंधरा वर्षं शांत झोपली.

आणि आता येते ती मला भेटायला नाही. डाग झाकायला येते.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

तो माणूस जगला का? एवढं तरी सांगायला हवं होतंस.

सकाळपासून तुझ्या फोटोकडे पाहवेना. शेवटी खिळ्यावरच उलटा केला, तोंड भिंतीकडे. चव्वेचाळीस वर्षं एका ताटात जेवलो आपण. मला वाटायचं, तुझी ओळन् ओळ मला पाठ आहे.

आज झोपलो नाही. दुपारभर शेडमध्ये खुर्ची टाकून बसलो, येशील तर तोंडावर विचारायचं म्हणून. बंपर समोर पालथा.

कोणी आलं नाही. कोपरा जसाच्या तसा राहिला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

चार वाजता दाराची कडी वाजली. दारात चाळिशीची एक बाई. एक पाय ताठ. पायऱ्या एकेक करत चढली असावी, धाप लागली होती. मी ओळखलं नाही.

"काका, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा चुकलात," ती म्हणाली. "अकराला येता नेहमी. दोन वाजेपर्यंत वाट पाहिली, मग म्हटलं आपणच जावं. काकूंनी पत्ता लिहून दिला होता, कधी लागला तर म्हणून."

मी विचारलं, आपण कोण?

ती आत येऊन खुर्चीत टेकली. मग सगळं सांगितलं. शिवणकाम करते. त्या दिवशी दुकानातून घरी चालली होती. वळणावर गाडी आली. "तुम्हीच चालवत होता, काका. तोंडाने कविता चालली होती, काच उघडी होती, मला ऐकू आली. पण पळून नाही गेलात. मला उचलून दवाखान्यात नेलंत. काकू तेव्हा घरी होत्या."

दर वीस तारखेला मी तिच्याकडे जातो म्हणे. ही होती तेव्हा दोघं, नंतर मी एकटा. जाण्याआधी तो कोपरा काळा करून नेतो, तिच्या नजरेला पडू नये म्हणून. कापलेल्या पानांचंही तिला ठाऊक होतं. मी रोज तेवढीच पानं वाचत बसायचो, जेवायचो नाही, म्हणून शेवटी हिने ती कापली. त्या दिवसानंतर हिला गाडी चालवायचा धीरच झाला नाही; डोळ्यांचं निमित्त लेकीला काही कळू नये म्हणून.

ती बाहेरच्या खोलीत बसली आहे. पाणी आणतो सांगून आत आलो आणि हे लिहितो आहे, भराभर, पुन्हा डोक्यातून जाऊ नये म्हणून.

ती बाहेरून विचारते आहे, काकूंचा फोटो असा भिंतीकडे तोंड करून का?